कुंकवाखालचा दिवा

आपटेजी, आज खंडेनवमी आहे आणि मशीन बंद आहे. सकाळी अकरा वाजता मीच बंद केलं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं असतं. चार वर्षं मी या मशीनच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही, पूजेसाठीसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन महिना झाला नाही तोवर तुमचंच म्हणणं खरं करून बसले आहे.

खोलीत आवाज नाही. पंखा, रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक, शेजारच्या घरातला कुकर, सगळं वेगवेगळं ऐकू येतंय. दहा वर्षांत या कपाटाएवढ्या संगणकाच्या घरघरीखाली किती आवाज दबून होते ते आज कळलं. चार वाजता मशीन दुरुस्त करणारे मुकेश भिया परत येतील आणि मी बटण दाबीन. मशीन सुरू होईल की नाही हे त्यांना माहीत नाही, मलाही माहीत नाही. तोवर तुमच्याशी बोलून घ्यायचं आहे, कारण चारनंतर माझा सूर कसा असेल ते सांगता येत नाही.

तुम्ही अनंत चतुर्दशीच्या दुपारी गेलात. जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. संध्याकाळी मिरवणुकीत मिलांच्या रोषणाईच्या झांक्या निघणार होत्या. आपली मिल बंद होऊन सहा वर्षं झाली तरी तिची झांकी वर्गणी काढून निघतेच, आणि तुम्ही दर वर्षी जेल रोडच्या कडेला घरचं स्टूल टाकून ती बघता. या वर्षीही स्टूल काकूंनी सकाळीच व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. तुम्हाला न्यायला आलेली माणसं त्या स्टुलाला वळसा घालून आत येत होती, आणि ते उचलावं असं कुणाला सुचलं नाही. मला त्या दिवशी रडू आलं नाही. राग आला. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं.

मशीन मिलमध्ये आलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. उदारीकरणाचे दिवस. परदेशी माल आणणं सोपं झालं होतं आणि मालकांना एकदम आधुनिक व्हायचं होतं. माग जुने, छत गळकं, आणि त्यात एसी लावलेल्या खोलीत माणसाच्या उंचीचं हे पांढरट कपाट. ‘नाकापेक्षा मोती जड,’ तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. तुम्ही संगणक विभागाचे मुख्य आणि मी तुमची एकुलती एक ऑपरेटर. कामगारांना वाटायचं, हे कपाट आपली नोकरी खाणार. खिडकीतून डोकावून जायचे. एकानं विचारलंच, “बाबूजी, इसमें हमारा क्या भरोगे?”

वरून हुकूम होता की आधी हजेरी भरा. तुम्ही भरलेत रक्तगट. त्याच आठवड्यात कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात रामरतनचा हात मशीनमध्ये गेला होता. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि आपले दोन कारकून खात्याखात्यांतून ओरडत फिरत होते. तिसऱ्या तासाला ब्लो रूममधला सुखलाल सापडला. रामरतन वाचला, पण ते तीन तास तुम्ही विसरला नाहीत. चार हजार माणसांचे गट तपासून घेतलेत, प्रत्येकाची पाळी, पत्ता, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं त्यात घातलंत. मग दवाखान्याचा फोन आला की दीड मिनिटात सात नावं पडद्यावर यायची आणि पाचव्या मिनिटाला दोन माणसं सायकलवर बसलेली असायची. शहरातल्या कितीतरी दवाखान्यांत भिंतीवर आपल्या खोलीचा नंबर पेन्सिलनं लिहिलेला होता.

कपाटात दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तर दुसरी सांभाळून घेते, काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फक्त दाराच्या वरच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लाल होतो. “वैजू, आल्या आल्या पहिलं काम, दिवा बघायचा. पर्स नंतर ठेव,” हे तुम्ही मला शिकवलंत. पहिला महिनाभर मी खरंच पर्स खांद्यावर ठेवून दिव्यासमोर उभी राहायची आणि तुम्ही हसायचात.

आणि दर खंडेनवमीला तुम्ही मशीन बंद करायचात. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, मग तो सुताराचा रंधा असो की हे कपाट, त्यात तडजोड नाही. आदल्या दिवशी सगळी यादी टेपवर उतरवायची, टेपवर तुमच्या तिरप्या अक्षरात ‘खंडेनवमी’ आणि साल लिहायचं, टेप लोखंडी कपाटात ठेवायची. मग बंद. हळद, कुंकू, झेंडूची माळ, पेढे. दसऱ्याला सकाळी परत सुरू. त्या एका दिवसासाठी तुम्ही दवाखान्यांना आठवडाभर आधी कळवायचात आणि दुर्मीळ गटांची यादी कागदावर काढून खिशात ठेवायचात. मला हे सगळं कर्मकांड वाटायचं. मी शिकलेली होते ना.

मग मिल बंद झाली. बंद झाली असं तरी कसं म्हणू, गेटवर कागद लागला, ‘अगली सूचना तक’. पुढची सूचना आलीच नाही. तुम्ही मात्र वर्षभर त्या कागदावर विश्वास ठेवलात. कामगार सांवेर रोडच्या कारखान्यांत चौकीदाऱ्या शोधायला लागले तरी तुम्ही म्हणत होतात, “विचार चालू आहे म्हणतात, म्हणजे काहीतरी निघेल.” शेवटी कपाट भंगारात निघालं तेव्हा रक्तदात्यांच्या मंडळानं ते आपल्या खोलीच्या फोन नंबरासकट मागून घेतलं, आणि आपण दोघं टेम्पोत त्याच्या दोन्ही बाजूंना धरून बसून राजेंद्र नगरच्या या खोलीत आलो. तुम्ही टेम्पोवाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी सांगत होतात, “भिया, धीरे, पेशंट हे.”

पण यादी तेवढ्यानं जगत नव्हती. माणसं विखुरली होती. चाळी रिकाम्या झाल्या, पत्ते खोटे ठरले. मग आपले रविवार सुरू झाले. तुमची स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर वही. कुणी महूला कँटीनमध्ये, कुणी सांवेर रोडला गेटवर, कुणी रिक्षा चालवतोय. शोधून काढायचं, नवा पत्ता, शेजाऱ्याचा फोन नंबर, आणि सोमवारी मशीनमध्ये. मिलची माणसं मिल गेल्यावर एका जागी राहिली ती या दोन डिस्कवर.

महूला सुखलालकडे गेलो होतो, आठवतं? त्यानं कँटीनच्या मागे बसवून चहा दिला. आपण पत्ता लिहून घेतला आणि उठलो, तर तो तुमचा हात धरून म्हणाला, “बाबूजी, मशीन में मेरा नाम हे ना अभी?”

“हे भाई. तेरा नाम कहां जाएगा.”

“नी, वो मिल के रजिस्टर तो दीमक खा गई बोलते हें। अपना नाम अब एक वंईच हे.”

परत येताना तुम्ही वाटेतल्या राऊ गावापर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. मी समजले की तुम्ही कान देऊन स्कूटरचा आवाज ऐकताय. आता वाटतं, तुम्ही त्याला दिलेला शब्द मोजत होतात.

आता आपलं भांडण. चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला सकाळी तुम्ही बटण दाबलंत आणि एक डिस्क फिरेना; सुरू होताना दोन्ही लागतात, म्हणून मशीनच उठेना. दुसऱ्यांदाही नाही. त्याच वेळी फोन आला, बाळंतपणात अडलेली बाई, बी निगेटिव्ह. तुमच्या खिशातल्या कागदावर सुखलालचं नाव पहिलं होतं. तुम्ही मला मशीनपाशी सोडून स्कूटरवर महूला गेलात आणि त्याला मागे बसवून दवाखान्यात नेलंत. बाई वाचली. तुम्ही परत आलात, कपाटाच्या कुशीवर तळहातानं एक थाप मारलीत, बटण दाबलंत, आणि डिस्क फिरली. तुम्ही हसलात. मी हसले नाही.

“एका दिवसाच्या पूजेपायी बाई गेली असती,” मी म्हणाले. “वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क थांबवली की गार पडते, आतलं वंगण घट्ट होतं, मग ती परत फिरत नाही. सगळीकडे हेच लिहिलंय. आता ही थांबवायचीच नाही.”

“म्हणजे थांबली तर सुरू होणार नाही, हे तुला मान्य आहे.”

“हो, म्हणूनच तर.”

“मग ती चालू आहे असं म्हणू नकोस वैजू. ती अजून पडलेली नाही, एवढंच म्हण.”

मी आवाज चढवला. काय काय बोलले ते मला चांगलं आठवतं, इथे लिहीत नाही. तुम्हीही विसरला नसाल. शेवटी तुम्ही म्हणालात, “ठीक आहे. तुझं खरं.” तुमच्यासारखा भांडकुदळ माणूस इतक्या लवकर माघार घेतो याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

तडजोड अशी ठरली की नवमीला मशीन बंद करायचं नाही, तुम्ही फक्त हळदकुंकू लावायचं. आणि बंदच करायचं नाही तर आदल्या दिवशी टेप कशाला, असं कुणीच म्हटलं नाही, ना तुम्ही, ना मी. टेप काढायची नाही असं कधी ठरलं नाही. ती काढायचं कारण तेवढं निघून गेलं. त्या दिवसानंतर या यादीची दुसरी प्रत निघालेली नाही, आणि आपले बहुतेक रविवार त्या दिवसानंतरचे आहेत.

मधल्या काळात मशीन बनवणारी परदेशातली कंपनी दुसरीनं घेतली, दुसरीला तिसरीनं. सुटे भाग येईनासे झाले. मग ते इंग्रजी पत्र आलं. या प्रकारच्या मशीनच्या भवितव्याचा विचार चालू आहे, योग्य वेळी ग्राहकांना कळवण्यात येईल. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, “विचार करतायत.” मी म्हणाले, “आपटेजी, हे वाक्य आपण गेटवर वाचलंय.” दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; तुम्ही परत गरम दूधच घटाघट पीत होतात. मी म्हणायची यादी नव्या पीसीवर घेऊ या. तुम्ही म्हणायचात, समोरच्या सायबर कॅफेतला पीसी दिवसातून चार वेळा लटकतो, हे मशीन दहा वर्षांत एकदा लटकलं नाही. तेही खोटं नव्हतं. आणि मी तरी काय केलं? पीसी या मशीनला जोडायची तार आणायला दोन वर्षं ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिले. तुमच्यावर राग काढते तेव्हा ही तार माझ्या गळ्याशी येते.

तुमच्या तेराव्यानंतर, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी खोली झाडायला घेतली. कपाटाच्या दारावर गेल्या नवमीचं कुंकू वाळून बसलं होतं. एरवी तुम्ही दाराच्या मधोमध लावायचात. गेल्या वर्षी वरच्या कोपऱ्यात लावलं होतंत, चांगलं जाड, बोटभर. ओल्या फडक्यानं पुसलं. लाल गेलं नाही. मला वाटलं फडक्यालाच कुंकू लागलंय. फडकं धुऊन परत पुसलं. दार पांढरं झालं आणि कोपऱ्यात लाल तसंच राहिलं. तो दिवा होता, आपटेजी.

मी रोज दिवा बघत होते, असं मी शपथेवर सांगितलं असतं. रोज आल्या आल्या त्या कोपऱ्याकडे मान वर करत होते, पर्स खांद्यावर ठेवून. कुंकू दिसायचं, बरं वाटायचं, पुढच्या कामाला लागायची. हिरवं काही दिसत नाही, हे वर्षभरात एकदाही मनात आलं नाही. सवय डोळ्यांत शिरली की डोळे काही बघत नाहीत.

मुकेश भियांना बोलावलं. सांवेर रोडच्या कारखान्यांतली जुनी मशीनं तेच सांभाळतात. त्यांनी मशीनच्या आतल्या नोंदी वाचल्या आणि मान खाजवत माझ्याकडे वळले.

“दीदी, एक डिस्क तो आठ-नौ महीने पेले ही निपट गई. ये एक टांग पे खड़ी हे।”

“बदलता येईल?”

“हओ, मिल जाएगी. उधर एक बंद फैक्टरी में येई माडल पड़ा हे। पर बदलने के लिए बंद करना पड़ेगी। ओर बंद करी तो ये दूसरी वाली वापस उठेगी के नी, मैं गारंटी नी लेता। चार साल से रुकी नी हे।”

“आणि बंद नाही केलं तर?”

“तो जिस दिन ये गई, उस दिन सब गया.”

नवी प्रत काढायला टेप लावून बघितली. चार वर्षांच्या धुळीनं टेपच्या यंत्राचा घसा बसला होता, दोन मिनिटं खरखरलं आणि कॅसेट बाहेर टाकली. तेही दुरुस्त करायचं किंवा पीसीची तार जोडायची तर मशीन बंद करावं लागणार. सगळी यादी छापायची म्हटलं तर आपल्या छोट्या प्रिंटरला पाच-सहा दिवस, आणि एकट्या डिस्कला तेवढं पळवायला मुकेश भिया तयार नव्हते. शेवटी फक्त निगेटिव्ह गट छापले. शंभरावर नावं झाली. त्यात तुमचंही आलं, ओ निगेटिव्ह, ‘उपलब्ध’. ते काढून टाकायला मशीनवर लिहावं लागतं आणि मुकेश भियांनी सांगितलंय की आता काही लिहू नका. म्हणून तुम्ही अजून उपलब्ध आहात. बाकीची हजारो माणसं त्या एका डिस्कवर आहेत.

हे सांगायला मी काकूंकडे गेले. कुणाला तरी सांगणं भाग होतं. कुंकवाचं ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “अगं, डाव्या डोळ्यानं त्यांना काही दिसतच नव्हतं. वर्ष-दीड वर्ष झालं. मोतीबिंदू पिकला होता. उजव्यावर सगळं निभवत होते. तुला बोलले नाहीत?”

नाही बोललात. मला स्कूटरवर मागे बसवून एका डोळ्यानं महूपर्यंत नेत होतात आणि बोलला नाहीत. दोनातला एक गेला, दुसऱ्यानं सांभाळून घेतलं, बाहेर कुणाला पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुमचं आवडतं वाक्य होतं. मी त्या व्हरांड्यात, तुमच्या स्टुलावर बसून, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले. काकूंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, “त्यांना तुझं फार कौतुक होतं. म्हणायचे, वैजू माझ्याशी भांडते, बाकी सगळे हो म्हणतात.” हे वाचवणारं वाक्य आहे की मारणारं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या टेबलाच्या खणात एक फाइल सापडली. तिच्यात दोनच कागद. मिलच्या गेटवरचा ‘अगली सूचना तक’, चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं असलेला, आणि त्याच्यावर कंपनीचं पत्र. दोन्हींवर तुम्ही काही लिहिलेलं नाही. कागद मात्र एकत्र लावलेत.

म्हणून मला विचारायचंय, आणि उत्तर मिळणार नाही हे माहीत असून विचारतेय. तुम्हाला माहीत होतं का? गेल्या नवमीला मधली जागा सोडून कोपऱ्यात कुंकू का लावलंत? एका डोळ्यानं अंदाज चुकला, इतकंच का? आधी कुंकू आणि मग तीन-चार महिन्यांनी त्याच्याखाली दिवा लाल झाला, असं तारखा सांगतात. म्हणजे तुम्ही लाल दिवा झाकला नाहीत, हिरवा झाकलात. हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते. पण नंतर? डिस्क गेली की घरघर बदलते, मुकेश भिया म्हणतात, जाणकाराला कळते. तुमच्याइतकं त्या कपाटाला कुणी ऐकलं होतं? कळलं असेल, आणि बोललात तर बंद करावं लागेल, बंद केलं तर माझ्याकडे बघावं लागेल, म्हणून गप्प राहिलात का? की मीच त्या दिवशी इतकं बोलले होते की तुम्ही परत त्या विषयाला हात घातला नाहीत?

माझं उत्तर रोज बदलतं. काल वाटत होतं, माहीत नव्हतं. आज ही शांतता ऐकल्यावर वाटतंय, माहीत होतं.

एक मात्र मला आता समजलंय, आणि ते तुम्हाला समोर बसून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही दर वर्षी मशीन थांबवत होतात तेव्हा दर वर्षी कळत होतं की ते अजून उठतंय. उठलं नाही तर काय, याची तयारी आदल्या दिवशी होत होती. त्या एका दिवसाच्या खोळंब्यावर बाकीचं वर्ष उभं होतं. मी खोळंबा काढून टाकला. चार वर्षं एकही फोन रिकामा गेला नाही आणि मला वाटलं, मी यादी वाचवली. माझ्या म्हणण्यातलं विज्ञान खरं होतं, आपटेजी. मुकेश भियासुद्धा तेच सांगतात. तरीही मी चुकले. मला तुमची माफी मागायची आहे आणि तुमच्यावर ओरडायचंही आहे, आणि दोन्हींसाठी खोलीत एकटीच आहे.

दिवस नवमीचाच धरला. त्याआधीच्या आठवड्यात सगळ्या दवाखान्यांना कळवलं, तुमच्यासारखं. कागद खिशात ठेवला. माझ्या कुर्त्याला खिसा नाही म्हणून काल शिवून घेतला. सकाळी सुखलाल महूहून आला. त्याला बोलावलं नव्हतं, मुकेश भियांकडून कळलं असावं. दारात चपला काढून उभा राहिला. मी बटण दाबलं तेव्हा डिस्कचा आवाज एकदम थांबला नाही, उतरत उतरत गेला, बराच वेळ. सुखलालनं हात जोडले होते. “बंद होने में तो मिल ने भी इत्ता ही टेम लिया था,” तो म्हणाला, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. अजून तिथेच आहे. चहा दिला तर प्याला, जेवायला उठला नाही.

नवी डिस्क बसली आहे. नवी म्हणजे तिकडच्या बंद कारखान्यातली. टेपच्या यंत्राचा भागही तिथलाच. मशीन उठलं तर पहिली टेप आजच निघेल, दुसरी दसऱ्याला, आणि तार मी आणली आहे, टेबलावर आहे. नाही उठलं तर शहरात कुणाला काही कळणार नाही. झांकी निघेल, बाजार भरेल, आणि कधीतरी एखाद्या दवाखान्यात कुणीतरी भिंतीवरचा पेन्सिलचा नंबर फिरवेल. तेव्हा माझ्याकडे शंभर नावं असतील आणि चार वर्षांपूर्वीच्या टेपवरचे, आता पाडलेल्या चाळींचे पत्ते. सुखलालला मी काय सांगू ते मात्र अजून ठरलेलं नाही. तुम्ही त्याला शब्द देऊन बसलात आणि निघून गेलात.

पूजा केली. हळद लावली, झेंडूची माळ घातली, पेढे आणले. तुमची थाप कुठे बसायची ती जागा बघून ठेवली आहे, रंग थोडा झिजलाय तिथे. कुंकू दाराच्या मधोमध लावलंय, तुम्ही आधी लावायचात तिथे. वरचा कोपरा पुसून कोरडा केलाय. मशीन बंद आहे म्हणून दिवा आत्ता कुठल्याच रंगाचा नाही.

चाराला पाच मिनिटं कमी आहेत. गल्लीत मुकेश भियांची मोटरसायकल वाजली आणि सुखलाल पायरीवरून उठला. पर्स मी खांद्यालाच ठेवली आहे.